वर्गात टेक्नॉलॉजी वापरायचीय पण सगळ्यांकडे फोन नाहीये, मग सुरुवात कुठून करायची?

प्रश्न विचारणाऱ्या मॅडमचं म्हणणं थोडक्यात असं आहे की वर्गात पंचेचाळीस मुलं, काहींकडे स्वतःचा फोन, बऱ्याच जणांच्या घरी सगळ्यांत मिळून एकच, आणि पाच-सहा जणांकडे तोही नाही. त्यांना व्हिडिओ दाखवायचेत, ऑनलाईन क्विझ घ्यायचीय, व्हॉट्सॲपवर होमवर्क द्यायचंय, शाळा वीस टॅब घ्यायचा विचार करतेय, आणि ह्या सगळ्यात जी मुलं आधीच मागे आहेत ती अजून मागे पडतील अशी त्यांना भीती वाटतेय.

मॅडम, भीती अगदी बरोबर आहे आणि ती वाटतेय हेच चांगलंय. मी बरीच वर्षं स्वतः शिकवलं, आता शाळांना ह्याच कामात मदत करतो, आणि माझं सरळ मत सांगतो. तास आखताना ज्या मुलाच्या हातात सगळ्यात कमी साधनं आहेत त्याला डोळ्यासमोर ठेवून आखायचा, आणि मग ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांच्यासाठी वरून काही जोडायचं. उलटं केलं, म्हणजे आधी फोनवाल्यांसाठी सगळं बनवलं आणि मग 'बाकीच्यांचं बघू', तर ते बाकीच्यांचं बघणं वर्षभर राहूनच जातं, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता त्यावर वाद घालत नाही.

सगळ्यात आधी, कुणाकडे काय आहे हे नीट माहिती करून घ्या, आणि इथेच बहुतेक शाळा चुकतात. 'घरी स्मार्टफोन आहे का? हो / नाही' असा फॉर्म वाटतात, जवळजवळ सगळे 'हो' लिहितात, आणि मुख्याध्यापक खूश. पण तो फोन वडिलांच्या खिशात सकाळी जातो आणि रात्री साडेनऊला परत येतो, त्यानंतर त्यावर आधी मोठा भाऊ बसतो, मग आपल्या वर्गातल्या मुलीचा नंबर, तोपर्यंत बॅटरी बारा टक्के आणि दिवसाचा डेटा संपलेला. कागदावर ही मुलगी 'स्मार्टफोन उपलब्ध' ह्या रकान्यात आहे! म्हणून प्रश्न वेगळे विचारा. काल संध्याकाळी सहा ते नऊ ह्या वेळेत फोन तुझ्या हातात किती वेळ होता? तो फोन अजून कोण कोण वापरतं? रिचार्ज संपल्यावर किती दिवस तसाच राहतो? फोनवर जागा आहे का, की नवीन ॲप टाकायचं तर आधी फोटो उडवावे लागतात? आवाज लावून काही ऐकायचं असेल तर बसायला शांत जागा आहे का? एवढं विचारलंत तरी खरं चित्र समोर येतं आणि ते पहिल्या फॉर्मपेक्षा फार वेगळं असतं.

आणि हे हात वर करून विचारायचं नाही, प्लीज. 'कुणाकडे फोन नाहीये, हात वर करा' हे वाक्य वर्गात उच्चारलं जाऊच नये. एक छापील चिठ्ठी सगळ्यांना द्या, प्रश्न असे ठेवा की फोन असो वा नसो प्रत्येकाला साधारण तेवढंच लिहावं लागेल, कारण शेजारचा दोन ओळीत संपवून बसला की बाकीच्यांना लगेच कळतं. नाव लिहायला सांगा (नावाशिवाय तुम्हाला पुढे मदतच करता येणार नाही), घडी घालून थेट तुमच्याकडे द्यायला सांगा, मॉनिटरकडे गोळा करायला देऊ नका. दोन-तीन महिन्यांनी परत विचारा. फोन फुटतात, विकले जातात, घर बदलतं, जूनमधली माहिती डिसेंबरमध्ये खरी असेलच असं नाही.

ही अडचण काही एका शाळेची किंवा एका देशाची नाही. कोविडच्या वेळी युनिसेफने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं होतं की शाळा बंद असताना जगातल्या किमान ४६ कोटी ३० लाख मुलांपर्यंत दूरशिक्षण पोचूच शकलं नाही, ना इंटरनेटवरून, ना टीव्ही-रेडिओवरून. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युनिसेफ आणि आयटीयू (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संघटना) ह्यांचा एकत्र अहवाल आला, त्यात ३ ते १७ वयाच्या जवळपास १३० कोटी मुलांच्या घरी इंटरनेट नाही असं होतं, म्हणजे त्या वयातली दोन-तृतीयांश मुलं. तेव्हा सगळ्यांना ते दिसलं कारण शाळा बंद होत्या. आता शाळा चालू आहेत, मुलं समोर बसलेली असतात म्हणून ते दिसत नाही, पण संध्याकाळी पाचनंतर प्रत्येक मूल आपापल्या घरी जातं आणि होमवर्क ऑनलाईन असेल तर तीच दरी रोज रात्री परत उघडते.

ह्यावरून माझा एक पक्का नियम आहे जो मी कुठल्याही शाळेत पहिल्या दिवशी सांगतो. घरच्या फोनशिवाय पूर्ण होऊ शकत नाही अशा कुठल्याही कामाला मार्क द्यायचे नाहीत. सराव म्हणून द्या, आवड म्हणून द्या, पण मार्क नाही. मार्क ज्याचे मिळणार ते काम वर्गात, शाळेच्या वेळेत, शाळेच्या साधनांवर झालं पाहिजे किंवा कागदावर तितक्याच चांगल्या पद्धतीने करता आलं पाहिजे. प्रेझेंटेशनचे मार्क देताना ॲनिमेशन आणि रंगीत प्रिंटआऊटला मार्क देणं हेही त्यातच आलं. तिथे आपण मुलाच्या अभ्यासाला मार्क देत नाही, घरच्या प्रिंटरला देतो.

व्हॉट्सॲप ग्रुपचं पण तसंच. ग्रुप वाईट नाहीये, पालकांना निरोप द्यायला सोयीचाच आहे. पण रात्री नऊला ग्रुपवर 'उद्या चार्ट आणा' आलं की सकाळी पाच-सहा जण हात हलवत येतात आणि बोलणी खातात, ज्यात त्यांचा काही दोष नसतो. साधी सवय लावा, जे ग्रुपवर जाईल ते आधी फळ्यावर लिहून झालेलं असलं पाहिजे आणि मुलांनी वहीत उतरवलेलं असलं पाहिजे. ग्रुप म्हणजे फक्त आठवण. शाळा सुटल्यावर काही नवीन सुचलं तर ते परवाच्या होमवर्कमध्ये घाला, उद्याच्या नको.

आता व्हिडिओ. घरी बघून या म्हणून व्हिडिओ पाठवणं मला शक्यतो नकोच वाटतं, आणि त्यामागे हिशोब आहे. १ एमबीपीएसने चालणारा व्हिडिओ तासाला साधारण ४५० एमबी खातो, तोच मजकूर ६४ केबीपीएसच्या ऑडिओत बसवला तर तासाला २९ एमबीच्या आसपास, म्हणजे पंधरापट कमी. नुसता मजकूर असेल तर काही केबी. आपण शाळेच्या वायफायवर बसून लिंक टाकतो तेव्हा हे जाणवत नाही, पण ज्या घरात रोजचा डेटा चार जणांत वाटून वापरतात तिथे तुमचा वीस मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे बाकी सगळ्यांचं नेट बंद, आणि मग घरचेच म्हणतात की ठेव तो फोन. तर व्हिडिओ वर्गात दाखवा. आधीच डाऊनलोड करून ठेवा, बफरिंगमध्ये तास घालवू नका. सात-आठ मिनिटांपेक्षा मोठा तुकडा नको, मध्ये दोनदा थांबवा, 'पुढे काय होईल असं वाटतं' विचारा, शेजाऱ्याशी बोलू द्या, मग पुढे चालू करा. वीस मिनिटं सलग अंधारात बसवून दाखवलेल्या व्हिडिओतून फारसं काही हाती लागत नाही, मागच्या बाकावर तर काहीच नाही. घरी पाठवायचंच असेल तर छोटी ऑडिओ क्लिप किंवा एक पानी नोट पाठवा. आणि फळ्याचा फोटो पाठवताना तो छोटा करा, फोनचा कच्चा फोटो तीन-चार एमबीचा असतो, कापून-दाबून दोनशे केबीत तेवढाच नीट वाचता येतो.

क्विझसाठी मुलांकडे फोन लागतोच असं नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. प्लिकर्स नावाची एक पद्धत आहे. प्रत्येक मुलाला एक छापील चौकोनी कार्ड द्यायचं, त्यावर क्यूआर कोडसारखी काळी-पांढरी आकृती असते, प्रत्येकाची वेगळी, आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए बी सी डी लिहिलेलं असतं. तुम्ही प्रश्न विचारला की मुलं आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरतात, आणि तुम्ही तुमच्या एका फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवता की कुणाचं काय उत्तर ते स्क्रीनवर येतं. अक्षरं इतकी बारीक असतात की शेजाऱ्याला कळत नाही कोण काय उत्तर देतंय, म्हणजे हुशार मुलाकडे बघून हात वर करणं पण थांबतं. फोन लागतो फक्त एक, तुमचा. मला ह्यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं तर जे मूल कधीच तोंड उघडत नाही त्याचं पण उत्तर प्रत्येक प्रश्नाला मिळतं, आणि वीस जणांनी एकच चुकीचं उत्तर दिलेलं दिसलं की तुम्हाला तिथल्या तिथे कळतं की हा मुद्दा परत शिकवायला हवा. कार्डं छापणं जमत नसेल तर छातीशी एक ते चार बोटं धरायला सांगा, थोडं कमी अचूक पण काम होतं.

ऑनलाईन क्विझ घेणार असाल तर टायमर बंद ठेवा. काही गेमसारख्या क्विझमध्ये जो आधी दाबेल त्याला जास्त पॉईंट असतात, तिथे जुना फोन असलेलं मूल हरतं आणि हळू वाचणारं मूल पण हरतं, दोघांनाही उत्तर येत असताना. आठवडाभर लिंक उघडी ठेवा, पुन्हा देता येऊ द्या, आणि तेच प्रश्न कागदावर मागून कुणी आलं तर कारण न विचारता द्या.

नेट नसलेल्या किंवा अधूनमधून येणाऱ्या शाळेसाठी कोलिब्री नावाच्या सॉफ्टवेअरचा पर्याय बघा, त्यात इंटरनेटशिवाय धडे दाखवता येतात. मोफत आहे, एका साध्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायसारख्या छोट्या कॉम्प्युटरवर चालतं, एकदा कुठेतरी चांगलं नेट असताना धडे उतरवून घ्यायचे किंवा पेनड्राईव्हवरून आणायचे, आणि मग वर्गातले बाकी फोन-टॅब लोकल वायफायने त्याला जोडून ब्राउझरमध्येच धडे बघतात, इंटरनेटचा एक एमबी खर्च न होता. एक काळजी घ्या, घरगुती राऊटरला पंचेचाळीस जण एकदम व्हिडिओ लावायला गेले की तो बसतो, गट करून पाळीपाळीने घ्या.

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. साधन वर्गात आलं म्हणजे ते सगळ्यांना मिळालं असं अजिबात नसतं. तीन-चार जणांच्या गटाला एक टॅब द्या आणि दहा मिनिटं नुसतं मागे उभं राहून बघा. ज्याच्या घरी आधीपासून टॅब आहे तो पटकन हातात घेतो, बाकीचे 'इकडे दाब, तिकडे दाब' म्हणतात, आणि एक मुलगी वही काढून उत्तरं लिहायला लागते कारण तिचं अक्षर चांगलं आहे असं सगळ्यांनी ठरवलेलं असतं. तास संपतो, गटाचं काम पूर्ण, आणि त्या मुलीने स्क्रीनला बोटही लावलेलं नसतं! असं वर्षभर चाललं की तुमच्या टॅबने फरक कमी होण्याऐवजी वाढतो. म्हणून कामं वाटून द्या आणि बदला. एकाच्या हातात टॅब पण काय करायचं ते त्याने ठरवायचं नाही, दुसऱ्याने सांगायचं आणि पहिल्याने फक्त तेवढंच करायचं, तिसऱ्याने नोंद ठेवायची, दर सात-आठ मिनिटांनी घंटी आणि पाळी पुढे. ज्याला आधीपासून येतं त्याला सांगा की तू तोंडाने समजाव, हात लावायचा नाही. त्याला सुरुवातीला हे जड जातं, पण तोंडी समजावताना त्यालाही विषय जास्त पक्का होतो. शक्य असेल तिथे दोघांत एक ठेवा, चौघांत एक म्हणजे दोघे प्रेक्षक होतातच.

दिसण्या-ऐकण्याची अडचण असलेल्या मुलांचा विचार पण सुरुवातीलाच करा, नंतर करू म्हटलं की होत नाही. स्कॅन केलेली पीडीएफ ही मशीनच्या दृष्टीने नुसता फोटो असते, टॉकबॅक किंवा एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) त्यातलं अक्षर सरळ वाचू शकत नाही, तेव्हा नोट्स युनिकोडमध्ये (फोनवर मराठी टाईप करतो तसं) टाईप केलेल्या द्या (जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं पण स्क्रीन रीडरला निरर्थक असतं). पिवळ्यावर पांढरं, निळ्यावर लाल असं स्लाईडवर लिहू नका, वेब सुलभतेच्या जागतिक नियमांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ : १ एवढा कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) मागतात, मोजायची मोफत साधनं नेटवर आहेत. व्हिडिओला सबटायटल असतील तर चालू ठेवा, ते फक्त कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी नाही, पंखा आणि बाहेरचा गोंगाट असलेल्या वर्गात सगळ्यांनाच उपयोगी पडतात. आणि तयार झालेली स्लाईड एकदा स्वतः शेवटच्या बाकावर बसून वाचून बघा.

हल्ली एआय चॅटबॉटबद्दल पण सगळे विचारतात. घरी वापरायला सांगून निबंध आणायला लावणं म्हणजे ज्यांच्याकडे पैसे भरून घेतलेलं चांगलं व्हर्जन आहे त्यांना सरळ पुढे ढकलणं आहे, शिवाय बऱ्याच सेवांना वयाची अट असते, १३ च्या खाली नाहीच आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी, ती अट शिक्षकानेच मोडायला लावू नये. वापरायचंच तर तुमच्या लॉगिनने, प्रोजेक्टरवर, सगळ्यांसमोर. एखादा प्रश्न टाका, आलेलं उत्तर पुस्तकाशी ताडून बघायला सांगा, ह्यात चूक कुठे आहे ते शोधा म्हणा. हा तास फार रंगतो, आणि सगळ्यांना सारखाच मिळतो.

शेवटी ते वीस टॅब. घ्यावेत का? घ्या, पण आधी पेरूचा अनुभव माहीत असू द्या. तिथे प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप अशी मोठी योजना झाली, ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दर विद्यार्थ्यामागे कॉम्प्युटरचं प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेलं, म्हणजे साधनांचा प्रश्न तर पूर्णच सुटला, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. सामान्य बौद्धिक कौशल्यांत थोडा चांगला परिणाम दिसला, एवढंच. शाळांत इंटरनेट जवळपास नव्हतं, आणि तुटलं-हरवलं तर काय ह्या भीतीने बरेच लॅपटॉप मुलांच्या घरी गेलेच नाहीत. यंत्र देऊन थांबलं की हे असं होतं.

ही तुटण्याची भीती तुमच्याकडे पण येणार, आणि ती गरीब घरात सगळ्यात जास्त असते. टॅब घरी न्यायला दिला तर ज्या आईला भरपाई परवडणार नाही ती तो घरात आणूच देणार नाही, आणि पुन्हा ज्यांच्याकडे आधीच आहे तेच नेतील. त्यामुळे शाळेने लेखी द्यावं की वापरताना पडला, काच फुटली तर पालकांकडून पैसे घेतले जाणार नाहीत, आणि त्यासाठी बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून दुरुस्तीची रक्कम धरावी. हेडसरांना सांगा की वीसच्या ऐवजी सोळा घेऊ आणि उरलेल्या पैशात कव्हर, चार्जिंगची सोय, दुरुस्ती, आणि शिक्षकांना शिकायला वेळ. चार्जिंग कोण करणार, कुठल्या कपाटात राहणार, किल्ली कुणाकडे, हे आधी ठरवा, कारण कपाटाची किल्ली असलेले सर रजेवर म्हणून आठवडाभर टॅब बंद हे मी भरपूर पाहिलंय. एकच टॅब अनेक मुलं वापरणार असतील तर तास संपताना लॉगआऊट करायची सवय लावा, नाहीतर एकाचे फोटो आणि पासवर्ड दुसऱ्याच्या हातात जातात.

आणि शाळा सुटल्यावर रोज पाऊण तास एक खोली उघडी ठेवता येते का बघा, टॅब, वायफाय आणि एक मोठं माणूस एवढंच. फोन नसलेल्यांसाठी खोली असं म्हणू नका, सगळ्यांना येऊ द्या, म्हणजे तिथे यायला कुणाला लाज वाटत नाही. पण चिठ्ठ्यांवरून ज्या पाच-सहा जणांची नावं तुम्हाला कळली असतील ती मुलं येतायत का एवढं मात्र तुम्ही स्वतः बघत राहा, आणि येत नसतील तर घरचं काम असतं, धाकटं भावंड सांभाळायचं असतं, परतीची बस चुकते, काय ते एकेकाला बाजूला घेऊन विचारा आणि त्यांच्यापुरती मधल्या सुट्टीत किंवा सकाळी शाळा भरायच्या आधी वेळ काढा.